चेहरा नसलेला चालक

या महिन्यात आम्ही आपणांस एका ट्रकची गोष्ट सांगणार आहोत. ट्रक म्हटल्याबरोबर आमच्या मोपा-पेडण्याच्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, आणि डिचोली-साखळीकडचे वाचक तर 'ट्रकांच्या गोष्टी आम्हांस काय सांगता, त्या आम्हीच तुम्हांस सांगू' असे म्हणतील, हे आम्ही जाणून आहोत. तथापि हा ट्रक खनिजाचा नव्हे. तो दूर अमेरिकेतला, पाठीवर तेलाची टाकी वाहणारा. आणि त्यास काम एकच, एका साध्या पापभीरू गृहस्थाच्या मोटारीमागे लागून त्यास ठार मारणे. चित्रपटाचे नाव 'ड्युएल', म्हणजे द्वंद्व.

शनिवार, दि. १३ नोव्हेंबर १९७१ रोजी एबीसी या अमेरिकन दूरचित्रवाणी कंपनीने तो प्रथम दाखविला. चित्रपटगृहासाठी नव्हे, तर घरोघरच्या संचांसाठीच तो काढलेला होता. लांबी ७४ मिनिटांची. जाहिराती धरून दीड तासाची जागा भरून काढावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. आपल्याकडे त्या तारखेस मुंबईतही दूरचित्रवाणी केंद्र नव्हते; ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे होत आली होती. अशा जुन्या, घाईघाईने केलेल्या, एका रात्रीच्या करमणुकीसाठी घडविलेल्या चित्रपटाची आठवण अर्ध्या शतकानंतरही लोक काढतात, याचे मर्म त्याच्या पडद्यामागील हकिकतींत दडलेले आहे.

कथानक चार ओळींत मावते. डेव्हिड मॅन नावाचा एक फिरता व्यापारी कामानिमित्त मोटारीने निघाला आहे. रस्त्यात एक जुनाट, मळकट ट्रक धूर ओकत रेंगाळत चाललेला असतो; मॅन त्यास ओलांडून पुढे जातो. बस्स, गुन्हा म्हणावा तो एवढाच. तेथून पुढे तो ट्रक त्याचा पिच्छा सोडत नाही. का, हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही.

ही कल्पना रिचर्ड मॅथिसन या लेखकाची, आणि ती त्यास घरबसल्या सुचलेली नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी तो आपला लेखकमित्र जेरी सोल याच्यासह गोल्फ खेळत असता अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची वार्ता आली. खेळ टाकून दोघे सुन्न मनाने घरी निघाले, तोच डोंगरातील अरुंद वाटेवर एक ट्रक त्यांच्या मोटारीच्या अगदी पाठीशी येऊन भिडला आणि बराच वेळ त्यांस रेटीत राहिला. जीव वाचवून बाजूस थांबल्यावर मॅथिसनने मित्राकडून एक पाकीट मागून घेतले आणि त्याच्या पाठीवर कथेचा मुद्दा टिपून ठेवला. दूरचित्रवाणीवाल्यांना त्याने ती कल्पना सांगून पाहिली. 'फार तोकडी आहे' म्हणून ती परत आली. अखेर आठ वर्षांनी त्याने तिची कथा केली आणि ती एप्रिल १९७१ च्या 'प्लेबॉय' मासिकात छापून आली. कौटुंबिक मासिकात या नियतकालिकाचे नाव घ्यावे लागत आहे, त्यास आमचा नाइलाज आहे. त्यात उत्तम कथाही छापल्या जात, एवढे मात्र त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

ही कथा वाचली युनिव्हर्सल कंपनीत काम करणाऱ्या एका तरुण दिग्दर्शकाच्या सचिव नोना टायसन यांनी, आणि 'हे तुमच्यासाठीच आहे' म्हणून त्यांनी ती त्याच्या हाती दिली. तो दिग्दर्शक म्हणजे स्टीव्हन स्पीलबर्ग. वय चोवीस. दूरचित्रवाणी मालिकांचे काही भाग एवढीच त्याची शिदोरी. त्यांत 'कोलंबो' या गुप्तहेर मालिकेचा एक भाग बरा उतरला होता. निर्माता जॉर्ज एकस्टाइन याने त्यावर विसंबून चित्रपट त्याच्या हवाली केला. खर्चाची मर्यादा सुमारे साडेचार लाख डॉलर आणि चित्रीकरणास दिवस दहा. स्टुडिओतील मंडळींचे म्हणणे, मोटार स्टुडिओतच उभी करावी, मागे पडद्यावर रस्ता पळता दाखवावा, म्हणजे काम वेळेत उरकेल. स्पीलबर्गने ते ऐकले नाही. खरा रस्ता, खरी धूळ आणि खरा वेग यांवाचून ही कथा उभीच राहणार नाही, असा त्याने हट्ट धरला. लॉस एंजलिसच्या उत्तरेस सोलेडॅड कॅन्यन नावाची रखरखीत घळ आहे. तिच्या आसपासच्या रस्त्यांवर बहुतेक चित्रपट झाला. दहाचे बारा-तेरा दिवस लागले, एवढाच काय तो उशीर.

आता पात्रनिवडीची गंमत ऐका. नायकाची नव्हे, ट्रकची. स्पीलबर्गसमोर निरनिराळे ट्रक रांगेने उभे करण्यात आले, जणू वधूपरीक्षाच. त्याने निवडला तो १९५५ च्या घडणीचा पीटरबिल्ट २८१. रांगेत तो आकाराने लहान होता; परंतु नव्या ट्रकांचे तोंड सपाट असते, याला मात्र लांब नाकाड होते. पुढची काच मधोमध दुभागलेली, दिवे दोन बाजूंस डोळ्यांसारखे. थोडक्यात, त्यास चेहरा होता. मग त्याची रंगभूषा झाली, तीही माणसाला करावी तशी. दारांच्या दोहो बाजूंस टाक्या बसविल्या, त्या कानांसारख्या दिसू लागल्या. अंगावर काळपट तपकिरी रंग, वर तेलाचे ओघळ, काचेवर मेलेले किडे. पुढच्या दांडीवर निरनिराळ्या राज्यांतील वाहनक्रमांकांच्या पाट्या लटकविल्या. त्यांच्याविषयी चित्रपटात चकार शब्द नाही; पण ज्याचे लक्ष जाईल त्यास उमगावे की हा मॅन काही पहिला बळी नव्हे, ठिकठिकाणचे मुंडके हा आपल्या माळेत ओवीत आला आहे. नायकाची मोटार प्लिमथ व्हॅलियंट, आणि ती लाल. कारण त्या पिवळट वैराण मुलखात दुरूनही नजर तिच्यावरून ढळू नये. नायक डेनिस वीव्हर. 'टच ऑफ इव्हिल' या १९५८ च्या चित्रपटात त्याने एका भेदरट नोकराचे छोटे काम केले होते, ते स्पीलबर्गच्या मनात घर करून बसले होते.

चित्रीकरणाची पद्धतही विलक्षण. सर्वसाधारण रीत अशी की प्रसंगांची चित्रे कागदांवर क्रमाने काढून ठेवावीत. स्पीलबर्गने त्याऐवजी सगळ्या चित्रपटाचा एकच लांबलचक नकाशा, वरून पाहिल्यासारखा, काढविला आणि मुक्कामाच्या खोलीच्या भिंतींवर चहूकडून लावला. कोठे ट्रक ओलांडतो, कोठे मोटार वळणावर घसरते, कोठे रेल्वेचे फाटक लागते, हे सारे त्यावर. जो तुकडा उरकला तो नकाशावरून खोडायचा. एखाद्या शेतकऱ्याने कुणग्या मोजाव्यात तसा हा हिशेब. रस्त्याच्या कडेने थोड्या थोड्या अंतरावर कॅमेरे मांडीत. वाहने एका दमात सर्वांसमोरून जात, मग कॅमेऱ्यांची तोंडे फिरवून तीच वाहने उलट दिशेने सोडीत. एका फेरीत दोन फेऱ्यांचे काम. शिवाय 'बुलिट' या चित्रपटातील पाठलागांसाठी बनविलेली, जमिनीलगत कॅमेरा नेणारी खास गाडी मिळविली होती. ट्रक खरोखरी फार वेगाने पळत नसे. परंतु कॅमेरा खाली आणि पाठीमागे झपाझप सरणारा डोंगराचा कडा, अशी योजना केली की बैलगाडीसुद्धा वाऱ्याशी स्पर्धा करील.

आता या चित्रपटाच्या गाभ्याकडे येऊ. ट्रकच्या चालकाचा चेहरा प्रेक्षकांस कधीही दिसत नाही. खिडकीतून बाहेर आलेला हात दिसतो, गाडीखालून पायांतले बूट दिसतात, यापलीकडे काही नाही. हे काम करणारा कॅरी लॉफ्टिन हा मोटारींच्या धाडसी कसरतींत मुरलेला, पन्नाशी ओलांडलेला गडी. त्याने एकदा दिग्दर्शकास विचारले म्हणे, 'हा माणूस असा का वागतो?' त्यावर चोवीस वर्षांच्या पोराने त्या चालकाच्या स्वभावाचे वर्णन दोन-तीन सणसणीत शिव्यांत केले. त्या आम्ही येथे देत नाही. लॉफ्टिन म्हणाला, 'मग तू योग्य माणूस नेमला आहेस.' चर्चा तेथेच संपली.

चित्रपटात एक प्रसंग रस्त्याकाठच्या खानावळीतला आहे. भेदरलेला मॅन तोंड धुऊन येतो, खिडकीबाहेर पाहतो, तर तोच ट्रक उभा. म्हणजे मारेकरी येथेच, या जेवणाऱ्या माणसांत बसला आहे! बूट पाहून ओळखावा, तर साऱ्यांचे बूट तसलेच. मॅन एकेका चेहऱ्याकडे पाहतो आणि प्रत्येक जण त्यास तोच वाटू लागतो. आमच्या मते साऱ्या पाठलागांहून हा प्रसंग अधिक थरारक आहे, आणि त्यात ट्रक हलतसुद्धा नाही.

हा प्रसंग डिचोली तालुक्यातील वाचकांनी पाहिला तर त्यांस काय वाटेल, याचे कुतूहल आम्हांस बरेच दिवस होते. त्या तालुक्याने मायनिंगच्या भराच्या दिवसांत ट्रकांच्या रांगा पाहिल्या. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. हा माल खाणीवरून आमोणे, सारमानसच्या धक्क्यांपर्यंत ट्रकांनी येई, तेथून बार्जने मांडवीतून मुरगावास. पाळी, वेळगे, सुर्ल, न्हावेली, पिळगाव ही गावे वाटेवरची. झाडांची पाने लाल, घरांची कौले लाल, वाळत घातलेले कपडे लाल. चालकास खेपेमागे पैसे. जितक्या खेपा अधिक तितकी मिळकत अधिक, म्हणून जो तो पुढच्यास ओलांडायच्या घाईत. मुलास दुचाकीवर मागे बसवून शाळेत पोचविणाऱ्या आईबापांनी आरशात ते लाल नाकाड वाढत येताना पाहिले आहे. रस्त्यावर माणसे मेली. लोकांनी रस्ते अडविले.

परंतु मॅनची गोष्ट आणि डिचोलीची गोष्ट यांत एक मोठा भेद आहे. मॅनला मागच्या ट्रकचा चालक कोण, हे ठाऊक नव्हते. डिचोलीकरास ते पक्के ठाऊक असे, आणि तीच त्याची पंचाईत होती. ट्रक शेजाऱ्याचा, चालक चुलत्याचा मुलगा. ट्रकवर कर्ज, कर्जास घर तारण. रस्ता अडवायचा तो कोणाचा? आपल्याच माणसाचा हप्ता अडवायचा! सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या. पाठोपाठ ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. रस्ते एकाएकी मोकळे झाले, पोरे निर्धास्त सायकली चालवू लागली, आणि अंगणोअंगणी ट्रक उभे राहिले. पावसाने त्यांच्यावरची माती धुऊन गेली. मग गंज चढू लागला. पुढे २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षास दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द ठरविले, आणि मार्चपासून पुन्हा सामसूम. लिलावांनंतर २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात पुन्हा काम सुरू झाले, त्याबरोबर वाटेवरील गावांची गाऱ्हाणीही पुन्हा सुरू झाली. त्या रस्त्यावर चेहरा नसलेला कोणीच नव्हता. स्पीलबर्गला येथे हा चित्रपट काढता आला नसता.

मोपाचे आम्ही लोक या भानगडीत उशिरा आलो. विमानतळाची पायाभरणी झाली ती १३ नोव्हेंबर २०१६ रोजी, म्हणजे 'ड्युएल' प्रथम दाखविला त्याच्या बरोबर पंचेचाळिसाव्या वाढदिवशी! असले योगायोग सांगण्यावाचून या सदरास राहवत नाही. सड्यावरची चिऱ्याची जमीन फोडून सपाट करायची म्हणजे डंपर आलेच. ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. आता या रस्त्यांवर टॅक्सीवाल्यांची घाई आहे, ती निराळी.

पुन्हा कॅलिफोर्नियात जाऊ. शेवटी मॅन आपली मोटारच ट्रकवर सोडतो, स्वतः उडी घेतो, आणि ट्रक मोटारीसह कड्यावरून कोसळतो. ट्रक एकच, तेव्हा हा प्रसंग एकदाच घेता येणार. अनेक कॅमेरे लावून ठेवले. ट्रक आपोआप पुढे जावा अशी काही युक्ती केली होती, पण ती ऐनवेळी दगा देते असे दिसताच लॉफ्टिन अखेरपर्यंत चाकाशी बसून राहिला आणि कड्याच्या तोंडाशी उडी टाकून मोकळा झाला. बारकाईने पाहिल्यास कोसळत्या ट्रकचे दार उघडे दिसते ते यामुळे. ज्याचा चेहरा दाखवायचा नाही असा पण केला, त्याच्या खऱ्या जिवाची एवढी एक खूण चित्रपटात राहून गेली.

कोसळल्यावर मोठा स्फोट व्हावा, असा दूरचित्रवाणी कंपनीचा आग्रह होता. टाकीवर 'ज्वालाग्राही' असे ठळक लिहिलेले, आणि भडका नाही? स्पीलबर्गने स्फोट घेतलाच नव्हता. ट्रक धुळीत सावकाश गडगडत खाली जातो, चाक फिरत राहते, काहीतरी ठिबकत राहते. श्वापदाचे प्राण जावेत तसे त्याचे प्राण जातात. वरिष्ठ संतापले, परंतु अखेर शेवट तसाच राहिला. आमच्या मते तो हट्टच चित्रपटास तारून गेला. स्फोट दुसऱ्या दिवशी कोणास आठवला असता?

त्या कोसळण्याच्या आवाजात एक गुरगुरता हंबरडा मिसळलेला आहे. तो एका जुन्या चित्रपटातील प्रागैतिहासिक प्राण्याचा. पुढे १९७५ मध्ये 'जॉज'मधील शार्क मरतो तेव्हा स्पीलबर्गने तोच आवाज पुन्हा वापरला. ज्या यशाने आपणांस हात दिला त्याची ही आठवण. या चित्रपटाच्या ध्वनिसंकलनास एमी पारितोषिकही मिळाले. संवादांची मात्र उलटी कथा. दिग्दर्शकास ते जवळजवळ नकोतच होते. वरून आग्रह झाला म्हणून मॅनचे मनातले विचार ऐकविण्यात आले. ते काढून टाकले असते तर बरे झाले असते, असे आमचेही मत आहे. वीव्हरच्या कपाळावरचा घाम पुरेसा बोलका होता.

दूरचित्रवाणीवर नाव झाल्यावर युनिव्हर्सलने तो युरोपातील चित्रपटगृहांत पाठविण्याचे ठरविले. पण ७४ मिनिटांचा चित्रपट तेथे तिकीट लावून कसा दाखवायचा? म्हणून पुन्हा चित्रीकरण करून तो दीड तासाचा केला. घराच्या वाहनघरातून मोटार बाहेर पडते ती सुरुवात, बायकोशी दूरध्वनीवरील बोलणे, बंद पडलेली शाळेची बस आणि रेल्वेच्या फाटकाशी ट्रकने मोटारीस रुळांकडे ढकलणे, ही चारही प्रकरणे नंतरची भर. पहिला ट्रक कड्याखाली चेपलेला, म्हणून दुसरा पीटरबिल्ट आणून सजविला. फ्रान्समधील आव्होरियाझच्या महोत्सवात १९७३ मध्ये चित्रपटास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मालकी कंपनीची, त्यामुळे १९७८ मध्ये 'इन्क्रेडिबल हल्क' या मालिकेच्या एका भागात 'ड्युएल'मधलीच दृश्ये कापून चिकटविण्यात आली. स्पीलबर्गला ते मुळीच रुचले नाही. पण कायद्याने त्यास काही करता येत नव्हते.

आपल्याकडे अशा हट्टी मंडळींची वाण आहे, असे कोणी समजू नये. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही पोलिसी तपासाची मराठी मालिका आणणारे बी. पी. सिंह यांनी पुढे 'सीआयडी'चा १११ मिनिटांचा एक भाग ८ ऑक्टोबर २००४ रोजी लोणावळ्यात एकाच सलग दृश्यात, कॅमेरा एकदाही न थांबविता घेतला. स्पीलबर्गने तुकड्यांचा डोंगर रचून थरार साधला, येथे तुकडाच पाडायचा नाही असा पण. आणि अगदी आमच्या शेजारी, कुडाळ तालुक्यातील आकेरीच्या वाड्यात २०१६ पासून 'रात्रीस खेळ चाले' घडली; तिचे संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर हेच तीत वेडगळ पांडू होऊन वावरत, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. त्या वाड्याची हकिकत स्वतंत्र लेखाची आहे. ती पुढे कधीतरी.

'ड्युएल' पाहण्याची इच्छा झालीच तर हल्ली बहुधा दीड तासाची आवृत्तीच हाती येते. ती पाहताना मॅन रस्त्याकाठच्या दूरध्वनीच्या काचेरी खोलीत शिरतो तेथे डोळ्यांत तेल घालून बसा. भोवती सापांचे पिंजरे आहेत, ट्रक येणार आहे, आणि त्या काचेत क्षणभर एक सडपातळ तरुण उभा दिसतो. तोच स्पीलबर्ग, चुकून राहून गेलेला.